अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र : अर्ज कधी करावा, कागद कोणते लागतात

तोंडी विचारले तर बरोबर उत्तर देणारे मूल वहीत मात्र काना-वेलांटी गाळते, ३ च्या जागी ६ लिहिते, फळ्यावरचे उतरवताना ओळ चुकवते, आणि तिसरी-चौथीपर्यंत सराव करूनही हे कमी होत नाही, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात सतत येणारी अडचण) आणि स्वमग्नता (ऑटिझम) या दोन्हींचा समावेश आहे. एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकणे व अतिचंचलता यांचा, त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र अशा अनेक मुलांना अध्ययन अक्षमताही असते, म्हणून पालकांनी तिचीही तपासणी आग्रहाने मागावी.

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाची ८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. पुढे १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी होते व १८ व्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे असते. दहावीचे अर्ज भरायची वेळ आल्यावर परीक्षेतल्या सवलतींसाठी धावपळ करणारे पालक पुष्कळ दिसतात. तोपर्यंत मुलाची कितीतरी वर्षे ओरडा खाण्यात गेलेली असतात.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करावा लागतो. त्यासाठी मुलाचे आधार कार्ड, छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तपासणीचे रुग्णालयही तिथेच निवडावे लागते. अर्जाची पावती छापून ठेवावी. रुग्णालयात जाताना मात्र तेवढ्यावर भागत नाही. प्रगतिपुस्तके, वर्गशिक्षकांचे निरीक्षणपत्र, आधीचे वैद्यकीय अहवाल आणि मुख्य म्हणजे मुलाच्या वह्या सोबत न्याव्यात. नीटनेटकी वही निवडून नेऊ नये. खाडाखोडीची, अर्धवट सोडलेली वहीच तपासणाऱ्याला अधिक काही सांगते.

आधी दृष्टी आणि श्रवण तपासले जाते, कारण नीट दिसत वा ऐकू येत नसल्यामुळेही वाचन अडू शकते. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांची तपासणी, मानसशास्त्रज्ञांकडून बुद्धिमापन आणि शेवटी वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्या होतात. या चाचण्या मूल ज्या माध्यमात शिकते त्या भाषेत घेण्याची विनंती सुरुवातीलाच करावी. मराठी शाळेतील मुलाला इंग्रजी उतारा वाचायला देऊन काढलेला निष्कर्ष त्याच्यावर अन्याय करणारा ठरेल. सगळे एका दिवसात उरकेलच असे नाही, तेव्हा मुलाला पोटभर खाऊ घालून, ‘ही परीक्षा नाही’ असे समजावून न्यावे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याची प्रत व सवलतींची मागणी लेखी स्वरूपात मुख्याध्यापकांकडे द्यावी. बोर्डाच्या परीक्षेसाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. मुलाला खरोखर जे हवे तेच मागावे. हात भराभर चालत नसेल पण स्वतः लिहिण्याची इच्छा असेल, तर लेखनिकापेक्षा जादा वेळ त्याला अधिक उपयोगी पडतो.

प्रमाणपत्र येईपर्यंत शाळेने थांबून राहावे असे मात्र नाही. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यानुसार शिकवण्याची जबाबदारी कलम १६ ने सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांवर टाकली आहे. पहिल्या बाकावर बसवणे, फळ्यावरचे छापून देणे, तोंडी उत्तर ग्राह्य धरणे यांसाठी कुणाच्या शिक्क्याची गरज लागत नाही. प्रमाणपत्राचा अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी घ्यावे आणि निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत अपील करावे.