इलेक्ट्रिक अपराइट बेस: आधार निवडण्याआधी एवढं वाचा

नवा इलेक्ट्रिक अपराइट बेस (डबल बेसचं पोकळ अंग नसलेलं, उभं ठेवून वाजवायचं विजेचं रूप) घेऊन गेलेल्या ग्राहकाचा महिन्याभरात फोन येतो. "मान वाकलीय बहुतेक. तारा वर आल्यात, दाबताना अंगठा दुखतो." मग बेस विरार लोकलच्या मालडब्यातून वसईला आमच्या दुकानात येतो. आम्ही मानेवर पट्टी ठेवून बघतो, नट (तारांचा वरचा टेकू) बघतो, ब्रिज (तारांचा खालचा टेकू) बघतो. बहुतेक वेळा सगळं जागेवर असतं. बेस ठीक असतो, तो ज्याच्या आधारावर उभा केलाय तिथे गडबड असते. हे समजावण्यात तुमचा आणि आमचा अर्धा दिवस जातो, म्हणून हे पत्रक.

लाकडी डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण माणसाहून उंच वाद्य, तीन जागी टेकलेला असतो. खाली एंडपिन (बुडाला असलेली टेकूची दांडी) जमिनीवर, वरची मागची कड तुमच्या पोटाच्या डाव्या बाजूला आणि खालचा भाग डाव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला. त्यामुळे डाव्या हाताला वजन पेलावं लागत नाही, तो फक्त तारा दाबतो. इलेक्ट्रिकमध्ये तारांची लांबी साधारण तीच, १०४ ते १०६ सेंटिमीटरच्या आसपास, पण वाद्याचं पोकळ पोट काढून टाकलेलं. त्याबरोबर तीनपैकी दोन आधारही गेले. ते काम मग डावा हात नकळत अंगावर घेतो. अंगठा मानेला मागून रेटत राहतो, तळवा वजन झेलतो आणि तार दाबायला बोटांत जोर उरत नाही. "तारा वर आल्यात" असं वाटतं ते यामुळे. तारांची उंची कमी करून देणं आम्हाला दहा मिनिटांचं काम आहे, पण तसं केलं की तारा फिंगरबोर्डवर (तारांखालच्या फळीवर) खडखडतात आणि अंगठा दुखायचा तो दुखतोच. म्हणून आधी आधार बघितल्याशिवाय आम्ही ब्रिजला हात लावत नाही. काही जणांना याचा राग येतो, तरी आमची पद्धत हीच आहे.

घरी एक करून बघा. वाजवायला उभे राहता तसे उभे राहा आणि डावा हात मानेवरून काढून खाली सोडा. उजव्या हाताने सुट्या तारा वाजवा, जाड ईपासून जीपर्यंत. मग बो (गज) घेऊन तेच करा. बेस जागेवर राहिला तर तुमचा आधार बरोबर आहे. तो कलंडायला लागला किंवा स्वतःभोवती फिरला, तर एरवी तो तुमचा डावा हात धरून ठेवत होता. बोने हे लगेच कळतं, कारण बो तारेला आडवी ओढते आणि नुसत्या एंडपिनवर उभा असलेला बेस त्या ओढीबरोबर गोल वळतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. बेस फिरतोय म्हणून ग्राहक ट्रायपॉडचा (तीन पायांच्या स्टँडचा) नॉब पक्कडीने आवळतात. कृपा करून असं करू नका. आटे जातात, आतली नळी चेपते, आणि चेपलेली नळी पुन्हा गोल होत नाही, बदलावीच लागते. तो भाग मागवून येईपर्यंत तुमचा कार्यक्रम होऊन गेलेला असतो. बेस फिरण्याचं कारण बहुधा खाली असतं: पाय पूर्ण उघडलेले नसतात, किंवा बेस इतका मागे झुकवलेला असतो की वजन पायांच्या मधोमध न पडता एकाच पायावर येतं. बेस गिटारवरून आलेली मंडळी मानेवरच्या खुणा दिसाव्यात म्हणून हमखास असा झुकवतात. पाय पूर्ण पसरा, एक पाय झुकावाच्या दिशेला येऊ द्या, मग नॉब हाताने आवळा.

कोणता आधार घ्यायचा हे तुम्ही काय वाजवता त्यावर आहे. लाकडी बेस शिकलेले असाल, किंवा आज लाकडी आणि उद्या इलेक्ट्रिक असं चालत असेल, तर अंगाला टेकणारी चौकट असलेलाच घ्या. यामाहाच्या सायलेंट बेसला अशी काढता येणारी चौकट असते. पोट आणि गुडघा ओळखीच्या जागी लागतात, बो स्थिर चालते. बेस गिटारवरून आला असाल आणि बोटांनीच वाजवणार असाल, तर ट्रायपॉड सोपा. हेडलेस (वरचं डोकं नसलेल्या) बेस गिटारमुळे ओळखले जाणारे नेड स्टाइनबर्गर यांच्या एनएस डिझाइन कंपनीच्या बेसला असा स्टँड मिळतो. तो अंगाला न टेकता उभा राहतो, झुकाव हवा तसा ठेवता येतो. पण तो तुमच्याबरोबर हलत नाही, आणि लग्नाच्या स्टेजवर ड्रमच्या शेजारी त्याचे पाय ठेवायला जागा लागते. अँपेगचा १९६२ साली आलेला बेबी बेस या दोन्हींच्या मधला. चेलोएवढं प्लास्टिकचं अंग असल्याने टेकायला थोडं काही मिळतं. साल्सा (लॅटिन नाचाचं संगीत) वाजवणाऱ्यांनी तो उचलून धरला आणि अजून सोडलेला नाही. आम्हाला स्वतःला चौकट आवडते, पण ट्रायपॉडवर उत्तम वाजवणारे ग्राहकही आमच्याकडे आहेत.

उंचीसाठी नट भुवईच्या आसपास, ही फक्त सुरुवात. खरं माप उजव्या हाताचं. खांदा न उचलता आणि कमरेत न वाकता बो ब्रिज आणि फिंगरबोर्ड यांच्या मधोमध पडली पाहिजे. ज्या चपला-बुटांत कार्यक्रम करता, तेच घालून माप घ्या. बसून वाजवत असाल तर स्वतःचं स्टूल आणा, आमच्या स्टुलावरचं माप तुमच्या घरी उपयोगाचं नाही.

लादीबद्दल. चर्चमधली गुळगुळीत फरशी आणि घरातल्या टाइल्स, दोन्हीवर एंडपिन सरकतो. एंडपिनच्या टोकाचं रबर ओल्या फडक्याने पुसा, बऱ्याचदा धुळीचाच थर असतो. कडक झालेलं रबर बदला, ते स्वस्त आहे. लोखंडी टोक उघडं ठेवून फरशीवर कधीच नको, फरशीला टवका जातो आणि पुढच्या वेळी तुम्हाला कोणी बोलावत नाही. बसून वाजवणाऱ्यांसाठी स्टुलाच्या पायात अडकवायचा, एंडपिन धरून ठेवणारा पट्टा आमच्याकडे मिळतो. मांडवातल्या प्लायवूडवर मात्र वेगळी अडचण येते. ड्रमची धडधड लाकडातून चढून बेसच्या पिकअपमध्ये (आवाज टिपणाऱ्या भागात) शिरते, तेव्हा खाली जाड रबरी चटई टाका.

"स्टँड कुरियर करा, पैसे लगेच पाठवतो," असं बरेच जण म्हणतात. चाचणी न घेता आम्ही आधार पाठवत नाही. दुकानात चौकट आणि ट्रायपॉड दोन्ही लावून ठेवलेले आहेत. वेळ ठरवून या, तासभर दोन्हीवर वाजवा. चाचणीचे पैसे घेतो, आधार आमच्याकडून घेतलात तर ते बिलातून वजा होतात. ठरत नसेल तर महिनाभर भाड्याने न्या. येताना तुमचा बेस, बो आणि कार्यक्रमाचे बूट आणा. नॉब आधीच आवळून बसला असेल तर तो सोडवायच्या फंदात पडू नका, तसाच घेऊन या.