पाळीतली नमाज: मदिनेपासून फोंड्यापर्यंत

गोव्यात कितीतरी ठिकाणी हिंदू आणि मुसलमान घरांची भिंत एकच असते. शेजारची मुसलमान बाई महिन्यातले काही दिवस नमाज पढत नाही, हे शेजारणीला ठाऊक असते. 'म्हणजे त्यांच्यातही विटाळ पाळतात' असा अर्थ ती सहज लावते, कारण बाजूला बसणे, चुलीला न शिवणे, देवघराकडे न फिरकणे हे तिने आपल्या घरी पाहिलेले असते. इस्लामी शास्त्रात या दिवसांचे नियम आहेत आणि ते कडकही आहेत. पण बाईला वेगळे बसवणे हा त्यांचा उगम नव्हे.

सातव्या शतकातल्या मदिनेत ज्यू कुटुंबे पाळी आलेल्या बाईबरोबर जेवत नसत, तिला घरात सोबत ठेवत नसत. नव्या मुसलमानांनी काय करायचे, असे लोकांनी मुहम्मद पैगंबरांना विचारले. त्यावर कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली (अध्यायातली) २२२ वी आयत (वचन) आली: पाळी हा त्रास आहे, त्या काळात स्त्रियांपासून दूर राहा. दूर म्हणजे किती, हे पैगंबरांनी स्पष्ट केले: संभोग सोडून बाकी सगळे करा. सहीह मुस्लिम या हदीस-संग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, हे नोंदलेले आहे. मशिदीतली चटई आणून दे, असे पैगंबरांनी आपल्या पत्नी हजरत आयेशांना सांगितल्याचा प्रसंगही तिथेच आहे. 'मला पाळी आली आहे,' असे त्या म्हणाल्या. 'तुझी पाळी तुझ्या हातात नाही,' असे उत्तर मिळाले, म्हणजे हाताला विटाळ नाही. पाळीतच त्या पैगंबरांचे केस विंचरत, त्यांच्या मांडीवर डोके टेकून पैगंबर कुराण म्हणत. या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी हे प्रसंग वाचावेत, असे मला मनापासून वाटते.

मग नमाज का सुटते? एका बाईने हजरत आयेशांना विचारले, पाळीत राहिलेले रोजे आम्ही नंतर भरून काढतो, मग नमाज का नाही? आयेशांनी उलट विचारले, 'तू हरूरी आहेस का?' हरूरा हे इराकातल्या कूफ्याजवळचे गाव, खारिजी या कर्मठ बंडखोर पंथाचा अड्डा. पैगंबरांच्या काळी आम्हाला रोजे भरायला सांगितले जाई, नमाज नाही, एवढेच त्या पुढे म्हणाल्या. शास्त्रकारांनी त्यामागचे कारण हिशेबाने मांडले. दिवसाला पाच म्हणजे सात दिवसांच्या पस्तीस नमाजा, आणि त्याही दर महिन्याला. रोजे मात्र वर्षातून एकाच महिन्याचे. म्हणून रोज्यांची कझा (नंतर भरून काढणे) आहे, नमाजची माफी.

खरी गुंतागुंत दिवस मोजण्यात आहे. फातिमा बिंत अबी हुबैश यांचा रक्तस्राव थांबतच नसे. ते शिरेचे रक्त आहे, पाळी नव्हे, असे पैगंबरांनी त्यांना सांगितले; पाळीच्या दिवसांपुरती नमाज सोड, मग रक्त धुऊन नमाज पढ. पुढे हनफी, शाफई अशा सुन्नी शास्त्राच्या पंथांनी मर्यादा आखल्या. हनफींकडे पाळी कमीत कमी तीन दिवस, जास्तीत जास्त दहा. शाफईंकडे कमीत कमी एक दिवस-रात्र, जास्तीत जास्त पंधरा. बाळंतपणानंतर हनफी चाळीस दिवसांपर्यंत धरतात, शाफई साठ.

गोव्याला हा फरक परका नाही. अरब गलबतांबरोबर कोकणपट्टीत शाफई पंथ रुजला. अकराव्या शतकात कदंब राजा पहिला जयकेशी याच्या ताम्रपटात मशिदीच्या खर्चाची तरतूद आढळते. नंतर दख्खनच्या बाजूने हनफी वळण आले. आता कोकणातली शाफई मुलगी फोंड्याच्या हनफी घरात सून म्हणून आली, असे समजा. तिची नेहमीची पाळी सहा दिवसांची, पण या खेपेला रक्त बारा दिवस गेले. माहेरच्या शास्त्राने ते सगळे दिवस माफ. सासरच्या शास्त्राने दहाची हद्द ओलांडली म्हणून पाळी सहाच दिवसांची धरायची, आणि सातव्यापासून सुटलेल्या नमाजा भरायच्या. अशा वेळी बायका आधी आईला विचारतात, मग सासूला, आणि मौलानांपर्यंत प्रश्न नवऱ्याच्या तोंडून जातो.

फोंड्याची साफा मशीद १५६० ची, आदिलशाहीतली. शेजारी मोठा दगडी हौद. त्याच वर्षी पोर्तुगीज गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. पण फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३ मध्ये. पुढे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आली आणि मुक्तीनंतरही टिकली. १९३७ चा शरियत कायदा गोव्यात लागूच नाही. त्यामुळे इथल्या मुसलमान बाईचे लग्न आणि वारसा गोव्याच्या नागरी कायद्यांप्रमाणे ठरतात, पण नमाज, रोजा आणि गुस्ल (शुद्धीचे स्नान) तिच्या श्रद्धेकडेच राहिले.

मशिदीत जाण्याचा प्रश्न याहून वेगळा, आणि तो नेहमी पाळीशी जोडला जातो याची मला खंत वाटते. पैगंबरांच्या काळच्या उम्मे अतिय्या यांनी सांगितलेल्या हदीसनुसार ईदच्या मैदानावर पाळी आलेल्या बायकांनाही बोलावले जाई. नमाजच्या रांगेपासून दूर राहून त्यांनी दुआत सामील व्हायचे. पाळीत मशिदीत थांबू नये, हे बहुतेक शास्त्रकारांचे मत आहे, आणि ते त्या दिवसांपुरतेच. बाकीच्या दिवसांसाठी 'अल्लाहच्या दासींना मशिदींपासून अडवू नका' ही हदीस आहे. तरीही नंतरच्या फिक्हने (धर्मशास्त्राने), विशेषतः हनफींनी, बायकांनी घरीच नमाज पढावी यावर भर दिला. २०१९ मध्ये पुण्यातल्या एका जोडप्याने मशीद-प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालय गाठले. २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने शपथपत्र दिले: बाईला मशिदीत नमाज पढण्याची मुभा आहे, जमातीने (सगळ्यांसोबत) पढण्याची सक्ती मात्र तिच्यावर नाही.