प्लग वायर (शर्यतीच्या इंजिनातील)

इग्निशन कॉईलमध्ये तयार झालेला उच्च विद्युतदाबाचा करंट स्पार्क प्लगपर्यंत नेणारी, जाड रोधक आवरणाची वायर. गॅरेजमध्ये तिला प्लग वायर किंवा एचटी (हाय टेन्शन) वायर म्हणतात. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) असलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक प्लगला एक, आणि कॉईलपासून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीपर्यंत एक, अशा साधारण नऊ वायरी असतात. इथे मुख्य उदाहरण घेतले आहे ते शेवरोलेच्या १९५५ साली आलेल्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ (व्ही आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेल्या) इंजिनाचे. अमेरिकेतल्या ड्रॅग आणि ओव्हल शर्यतींत हे इंजिन अनेक पिढ्या धावले, आणि वायरींची जवळजवळ सगळी दुखणी त्यात पाहायला मिळतात.

मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर या इंजिनाच्या प्रत्येक प्लगवर मिनिटाला ४,००० ठिणग्या पडतात. आठही प्लग मिळून सेकंदाला पाचशेच्या वर. विद्युतदाब २० ते ४० हजार व्होल्टच्या घरात असतो. कॉम्प्रेशन जितके जास्त तितकी ठिणगी पडायला अवघड, म्हणून टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेल्या इंजिनात प्लगचा गॅप (ठिणगी जिथे उडते ती फट) मुद्दाम कमी ठेवतात. प्लगमधली वाट अवघड झाली की करंट दुसरी सोपी वाट शोधतो : आवरणाला पडलेले बारीक भोक, सैल बूट (वायरीच्या टोकाची, प्लगवर बसणारी टोपी) किंवा शेजारून गेलेला लोखंडी पाईप.

महागडी वायर घातली की इंजिनाची ताकद वाढते, हा समज खोटा आहे. ठिणगी पडेपर्यंत वायरीतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तिच्या रोधाने प्लगवरचा दाब फारसा घटत नाही. जुनी वायर गळत असेल तर नवीने गेलेली ताकद परत येते, एवढेच. ‘साडेआठ मिलिमीटर’ हे मापही बाहेरच्या जाडीचे असते. आतल्या वाहकाबद्दल ते काही सांगत नाही.

निवड करताना खरा प्रश्न आतल्या गाभ्याचा असतो. रोजच्या गाडीतल्या कार्बन गाभ्याच्या वायरीचा रोध फुटाला काही हजार ओहम असतो. रेडिओतली खरखर ती चांगली दाबते, पण उष्णता आणि ओढाताण सोसत नाही. गाभा आतल्या आत तुटतो आणि बाहेरून काही कळत नाही. निव्वळ तांब्याच्या वायरीला रोध नसल्यासारखाच, म्हणून ती मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या इंजिनात वापरली जाते. मात्र ती विद्युत गोंगाट फार करते. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), क्रँक सेन्सर किंवा डेटा लॉगर (आकडे नोंदवणारे यंत्र) असलेल्या गाडीत ती घालू नये. सेन्सरचा सिग्नल बिघडला की ठिणगी भलत्याच वेळी पडते. तिसरा प्रकार स्पायरल गाभ्याचा. त्यात बारीक तार गाभ्याभोवती दाट वळसे देऊन गुंडाळलेली असते. रोध कमी, गोंगाटही कमी. आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या शर्यतीच्या गाडीला हीच घ्यावी.

गाभ्याइतकीच महत्त्वाची आहे वायरींची मांडणी, आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. स्मॉल ब्लॉकची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२ अशी आहे. पाच आणि सात हे एकाच बाजूचे, मागचे, शेजारी-शेजारी सिलिंडर, पेटतातही लागोपाठ. त्यांच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून गेल्या, तर पाचच्या वायरीतल्या धक्क्याने सातच्या वायरीत विद्युतदाब उपजतो. त्या वेळी सातचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या सुरुवातीच्या टप्प्यात असतो, सिलिंडरमधला वायूचा दाब कमी असतो, म्हणून तेवढ्यानेही ठिणगी पडू शकते. ती क्रँकच्या फेरीत तब्बल ९० अंश आधी पडते. इंजिन उघडल्यावर सातचा पिस्टन माथ्यावर जळलेला किंवा रिंगजवळ तुटलेला दिसतो, आणि दोष पेट्रोलला किंवा कार्ब्युरेटरला दिला जातो. उपाय स्वस्त आहे : या दोन वायरींच्या मध्ये दुसऱ्या सिलिंडरची वायर घ्यावी, प्लास्टिकच्या सेपरेटरने अंतर राखावे, आणि वायरी एकमेकींना ओलांडतील तिथे काटकोनात ओलांडाव्यात. काही इंजिन बांधणारे कॅमशाफ्टच (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून चार आणि सातची अदलाबदल करतात. मग पाच आणि सात लागोपाठ पेटत नाहीत.

उष्णता हा दुसरा शत्रू. सिलिकॉनचे आवरण सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. हेडरचे (इंजिनातून धूर बाहेर नेणारे) पाईप त्याहून कितीतरी जास्त तापतात. बूटवर काचतंतूची स्लीव्ह चढवतात, अगदी जागाच नसेल तिथे सिरॅमिक बूट घालतात.

बूट काढताना वायर ओढू नये. बूट पकडून आधी थोडा फिरवावा, मग सरळ उपसावा. आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर दिला की तो पोर्सिलेनला चिकटत नाही. काढलेला प्लग उजेडात धरून पाहावा : पांढऱ्या पोर्सिलेनवर पेन्सिलने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर करंट बाहेरूनच खाली उतरत होता. बूटच्या आतही तशीच रेघ उमटलेली असते, म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत. नुसता प्लग बदलला तर नव्या प्लगवर तीच रेघ पुन्हा उमटते.

प्रत्येक वायरीचा रोध मल्टिमीटरने मोजून वहीत लिहावा. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. मोजताना वायर हलवावी. आकडा नाचला तर गाभा तुटला आहे किंवा टर्मिनलचा क्रिंप (दाबून बसवलेला जोड) सैल आहे. अंधारात इंजिन चालू करून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला, की गळतीच्या जागी निळ्या ठिणग्या दिसतात. हात मात्र लांब ठेवावा.

आपल्याकडच्या दुचाकींत हेच सगळे छोट्या मापात असते. यामाहा आरएक्स १०० ला एकच वायर आणि तिच्या टोकाला पिळून बसवलेली प्लग कॅप. पुण्याच्या बजाज ऑटोच्या २००३ सालच्या डीटीएस-आय पल्सरला एका सिलिंडरमध्ये दोन प्लग. गाडी मिसिंग मारू लागली की जुना मेकॅनिक आधी कॅप उलट फिरवून काढतो, वायरीचे हिरवे पडलेले टोक पाव इंच कापतो आणि कॅप पुन्हा पिळून बसवतो. वायर लांबीला पुरत असेल तर हा इलाज अगदी बरोबर आहे, कारण तांबे टोकाकडून गंजत आत जाते.

शर्यतीला जाताना संचातली सर्वांत लांब वायर, दोन्ही टोके बसवलेली, सोबत ठेवावी. ती कुठल्याही सिलिंडरला पुरते.