गोष्टीतला मास्तर

मुलांसाठी गोष्ट लिहायला बसलं की कुठला तरी मास्तर येऊन मानगुटीवर बसतो, ही मराठी लेखकांची जुनी तक्रार. पण हा मास्तर आला कुठून ते पाहिलं, तर त्याचा फारसा राग येत नाही. आपलं छापील बालवाङ्मय वाढलंच शाळेच्या ओसरीवर. 1828 साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं ‘बाळमित्र’ आलं, ते फ्रेंच लेखक बर्कां यांच्या पुस्तकावरून आणि तेही इंग्रजीच्या वाटेने. इसापनीतीही छत्र्यांनीच मराठीत आणली. नव्या शाळांना वाचायला काहीतरी हवं होतं. गोष्टीच्या शेवटी तात्पर्य येणारच, हे तेव्हापासून ठरून गेलं.

1881 मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी मासिक काढलं ‘बालबोध’. पंचवीस वर्षांनी, 1906 मध्ये, वासुदेव गोविंद आपटे यांनी काढलं ‘आनंद’. (बालबोध हे आपल्या लिपीचंही नाव आहे, मान्य. तरी त्यातला ‘बोध’ कानात राहतोच.) नाव बदलल्याने मास्तर उठून गेला असं मात्र नाही.

त्याची जागा खरी हलवली साने गुरुजींनी. हे विधान काहींना उलटं वाटेल, कारण ‘श्यामची आई’ म्हणजे संस्कारांचं पुस्तक अशीच त्याची ख्याती. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, 1935 मध्ये छापलेलं. पण त्याची बांधणी पाहा. मोठा झालेला श्याम रोज रात्री मित्रांना आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. चुकतो तो, लाजतो तो, रडतो तोही तोच. बोध आहे, भरपूर आहे, पण तो सांगणाऱ्याच्या स्वतःच्या पाठीत बसतो. वाचणाऱ्या पोराकडे कोणी बोट दाखवत नाही.

भा. रा. भागवतांनी वेगळीच युक्ती केली. ज्यूल व्हर्नला मराठीत आणता आणता साहसाचा वेग त्यांच्या हातात मुरला होता. मग फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच त्यांचा फास्टर फेणे, पुण्यात आला, सायकलवर टांग टाकून सुसाट निघाला. त्याचं ते ‘ट्टॉक्’ पिढ्यांनी तोंडात घोळवलं. इथे संकटातून वाट काढतो तो मुलगाच. मोठी माणसं बहुतेक वेळा उशिरा पोचतात, आणि मास्तराला सांगायला काही उरतच नाही.

1971 मध्ये बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केलं. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या संस्थेनेच अवांतर वाचनाचं मासिक काढावं, यात गंमतही आहे आणि उपकारही. अगदी लहानांसाठी पुढे माधुरी पुरंदरे यांनी शब्द आणि चित्रं दोन्ही एकाच हाताने केली. घरातल्या साध्यासुध्या घडामोडी त्यांना गोष्टीसाठी पुरतात.

अडचण होते ती तेरा-चौदाच्या वयाची. मिसरूड फुटू लागलेला, घरात भांडणारा, मनातलं कोणाला न सांगणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या ‘कुमार’ कादंबरीत फार कमी भेटते. फास्टर फेणे संपला की आपल्याकडची पोरं थेट मोठ्यांच्या कपाटाशी जातात, बहुधा चोरून.