वस्तुसंग्रहालयातील यंत्रविरहित हवामान-नियंत्रण (उष्ण-दमट प्रदेश)

यंत्रांवर कमीत कमी विसंबून, इमारतीची रचना, बांधकाम साहित्य आणि रोजची देखभाल यांच्या जोरावर संग्रहालयातील तापमान व आर्द्रता आटोक्यात ठेवण्याची पद्धत. उष्ण-दमट प्रदेशात वस्तूंना उष्णतेपेक्षा ओल अधिक बाधते. सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवा जेवढे बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे ते प्रमाण) दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागद, कापड, चामड्यावर बुरशी येते, लोखंड गंजते. ती वरचेवर खालीवर झाली तर लाकूड फुगते-आकसते आणि त्यावरचा रंग सुटू लागतो.

जाड भिंती बांधाव्यात, रात्री खिडक्या उघडून गारवा साठवावा, हा कोरड्या प्रदेशातला उपाय इथे अंगाशी येतो. बाहेर ३० अंश सेल्सियस तापमान व ८० टक्के आर्द्रता असताना हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, २६ अंशांच्या आसपास असतो. रात्रीतून २५ अंशांपर्यंत निवलेल्या भिंतीला ही हवा लागली की भिंत घामेजते. म्हणून खिडक्या कधी उघडायच्या हे आतल्या व बाहेरच्या हवेतील बाष्प ताडून ठरवावे लागते; घड्याळ तिथे कामाचे नाही. याच्या उलट, २५ अंश व ८० टक्के आर्द्रता असलेली खोली २८ अंशांपर्यंत तापली आणि बाष्प तेवढेच राहिले, तर आर्द्रता सुमारे ६७ टक्क्यांवर उतरते. माणसाला जरा उकडणारी खोली वस्तूंना मानवते, ती यामुळे. अर्थात उष्णतेने कागद लवकर जीर्ण होतो, तेव्हा ही युक्ती जपूनच वापरायची.

बांधकामात पहिले लक्ष छपराकडे द्यावे: दुहेरी छप्पर, मधल्या पोकळीतून खेळती हवा आणि भिंतीवर पाऊस येऊ न देणाऱ्या, छपराच्या पुढे आलेल्या रुंद कडा. उंच जोते व त्यातील ओलरोधक थर जमिनीतून चढणारी ओल अडवतात. तुंबलेली पन्हाळ मात्र हे सगळे वाया घालवते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. वस्तूंच्या खोल्या मधोमध व भोवती व्हरांडे असावेत; कपाटे बाहेरच्या भिंतीला टेकवू नयेत.

लाकूड, कागद, सुती कापड, चुन्याचा गिलावा ओल शोषतात आणि हवा कोरडी झाली की परत सोडतात. हवेची ये-जा कमी असेल तरच हा गुण उपयोगी पडतो. जपानमधील नारा येथील शोसोइन हे आठव्या शतकातील भांडार याचे ठळक उदाहरण. उंच खांबांवरच्या या लाकडी इमारतीतील वस्तू शतकानुशतके झाकणाच्या लाकडी पेट्यांत टिकल्या. भिंतींचे ओंडके पावसाळी हवेत फुगून फटी बुजवतात, अशी कथा तिच्याबद्दल सांगितली जाते. पण ओंडक्यांवर छपराचा भार असतो, त्यामुळे फटी उघडाव्या-मिटाव्यात इतके ते हलू शकत नाहीत. श्रेय मुख्यतः पेट्यांना द्यावे लागते.

दिवसा चालू आणि रात्री बंद राहणारे वातानुकूलन हा सर्वांत वाईट पर्याय होय. यंत्र बंद झाल्यावर दमट हवा आत शिरते आणि थंड झालेल्या काचा, धातू व भिंतींवर पाणी धरते. चोवीस तास वीज व दुरुस्तीचा भरवसा नसेल, तर ते न बसवलेलेच बरे.

आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थांनी २०१४ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता सुचवली असली, तरी स्थानिक हवामान विचारात घेण्यासही सांगितले आहे. उत्खननातील लोखंडासारख्या नाजूक वस्तूंना मात्र इमारतीचा आधार पुरत नाही. त्यांना सिलिका जेल हा ओल शोषणारा पदार्थ ठेवलेली हवाबंद पेटी लागते, आणि ते जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे लागते.