छेद म्हणजे एककाचं नाव

अर्धा अधिक एक तृतीयांश किती, असं विचारलं की बरीच मुलं दोन पंचमांश लिहून मोकळी होतात. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, झालं. आपण लगेच लाल पेनने फुली मारतो आणि समच्छेदाची रीत परत घोकून घेतो पण नेमकं चुकलं काय ते मुलाला कळतच नाही. त्यापेक्षा एवढंच विचारा, दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? कमी. मग अर्ध्यात अजून काहीतरी घातलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं काय आलं? इथे मूल थांबतं, आणि त्या थांबण्याला खरंच खूप किंमत आहे, तेव्हा घाईने उत्तर सांगून टाकू नका.

माझं तर स्पष्ट मत आहे की अपूर्णांक आणि मोजमाप हे दोन धडे वेगवेगळे शिकवूच नयेत. २ मीटर आणि ३० सेंटीमीटर मिळून ३२ होत नाहीत हे मुलांना पटकन पटतं, आधी २ मीटरचे २०० सेमी करायचे आणि मग २३०. अपूर्णांकात पण सेम हेच चालतं. छेद म्हणजे एककाचं नाव, अंश म्हणजे ती एककं किती आहेत. अर्ध्याचे ३ षष्ठांश, तृतीयांशाचे २ षष्ठांश, मिळून ५ षष्ठांश, म्हणजे समच्छेद करणं म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजणं. म्हणूनच 'तीन छेद चार' असं वाचण्यापेक्षा 'तीन चतुर्थांश' किंवा सरळ 'पाऊण' म्हणावं, छेद म्हटलं की दोन सुटे आकडे ऐकू येतात आणि पाऊण म्हटलं की एकच संख्या. पाऊण शब्दातच गणित आहे, एकाला पाव कमी.

८ हा ४ पेक्षा मोठा म्हणून अष्टमांश चतुर्थांशापेक्षा मोठा असं वाटणं आणि मीटरचे सेमी करताना गुणू की भागू असा गोंधळ होणं, मुळात एकच अडचण आहे. एकक लहान झालं की तेवढ्याच लांबीसाठी आकडा मोठा होतो. सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घेऊन घड्या घालून एकीचे दोन, दुसरीचे चार, तिसरीचे आठ सारखे भाग करून एकाखाली एक ठेवल्या की हे डोळ्यांना दिसतं.

मोजपट्टीवर पण एक गंमत करून बघा, पेन्सिल शून्याऐवजी ३ वर ठेवा आणि टोक ८ वर येऊ द्या. काही मुलं ८ सेमी म्हणतात, काही रेघा मोजून ६ म्हणतात, मोजायच्या असतात त्या मधल्या ५ जागा.

वेळेचं जरा वेगळं. दीड तास म्हणजे १.५ तास पण १ तास ५० मिनिटं नाही, कारण तासाचे भाग १०० नसून ६० आहेत आणि ही साठाची पद्धत प्राचीन मेसोपोटेमियातून आलेली आहे. ६० ला २, ३, ४, ५, ६ सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, त्यामुळे तासाचा तिसरा भाग बरोब्बर २० मिनिटं येतो, १०० चे तीन सारखे भाग करायला गेलं तर ३३ करून १ उरतो.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती चौरस एककात. जमिनीवर खडूने १ मीटरचा चौरस आखा, एका कोपऱ्यात १ सेमीचा छोटासा चौकोन काढा आणि असे किती मावतील ते विचारा. बहुतेक वेळा १०० असं उत्तर येतं. मग कडेने बोट फिरवून दाखवा की १०० ची ही एकच ओळ झाली, आणि अशा किती ओळी बसतील ते मुलालाच मोजू द्या.