लसीकरण सूटपत्र (कामाच्या ठिकाणचे)

नोकरीत बंधनकारक केलेली किंवा देऊ केलेली लस घेणार नसल्याबद्दल कर्मचाऱ्याने सही करून दिलेला कागद. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो विशेष रूढ असून तेथील ‘वेव्हर’ या संज्ञेत दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत : नियमातून मिळणारी सूट आणि स्वतःच्या हक्काचा त्याग. मराठीत सूटपत्र व हक्कत्यागपत्र असे वेगळे शब्द वापरणे श्रेयस्कर. बहुतेक गैरसमज या सरमिसळीतूनच निर्माण होतात.

उगम : या प्रथेचे मूळ इंग्लंडच्या १८९८ च्या लसीकरण कायद्यात दाखवण्याचा प्रघात आहे. तेथे १८५३ पासून अर्भकांना देवीची लस टोचणे सक्तीचे होते. दंड भरूनही न बधणाऱ्या पालकांचा विरोध वाढला, १८८९ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि त्याच्या १८९६ च्या अहवालानंतर सदसद्विवेकबुद्धीचे कलम कायद्यात आले. लस बाळाच्या प्रकृतीला अपायकारक ठरेल अशी आपली प्रामाणिक धारणा असल्याचे पालकाला सामान्यतः दोन दंडाधिकाऱ्यांना पटवून द्यावे लागे. १९०७ पासून विधिवत प्रतिज्ञापन पुरेसे झाले. तथापि हा सूट देणारा दाखला पालक आणि शासन यांच्यातला होता. मालक-नोकर संबंध त्यात कोठेच नव्हता. म्हणून आजच्या कागदाचा खरा पूर्वज अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाच्या (ओशा) डिसेंबर १९९१ मधील रक्तजन्य रोगजंतूविषयक मानकात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

या मानकानुसार, कामात रक्ताशी संपर्क येऊ शकणाऱ्या कर्मचाऱ्यास नेमणुकीपासून १० कामकाजी दिवसांत हिपॅटायटिस बीची लस विनामूल्य देऊ करावी लागते. त्याने ती नाकारल्यास परिशिष्टातील ठरीव मजकुरावर सही घ्यायची असते. ओशाच्या अंमलबजावणी निर्देशांनुसार त्या मजकुरात शब्द वाढवता वा गाळता येत नाहीत. जोखमीचे काम चालू असताना कर्मचाऱ्याने पुढे विचार बदलला, तर लस तेव्हाही विनामूल्यच द्यावी लागते. म्हणजे हा कागद नकाराची नोंद आहे. मालकाची जबाबदारी त्याने संपत नाही.

सूट मिळण्याचे आधार : १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली धार्मिक, तर १९९० च्या अपंगविषयक कायद्याखाली वैद्यकीय कारणास्तव सूट मागता येते. धार्मिक सूट नाकारण्यासाठी मालकाला किरकोळाहून थोडा अधिक भार पुरेसा, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या हार्डिसन निकालावरून मानले जाई. त्याच न्यायालयाच्या २०२३ च्या ग्रॉफ निकालाने व्यवसायाच्या संदर्भात भरीव वाढीव खर्च दाखवण्याची अट घातली. सक्तीच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केला जाणारा १९०५ चा जेकबसन निकाल शासनाच्या अधिकाराविषयी आहे, खासगी मालकाच्या नव्हे. कोविड-१९ च्या काळात १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठीचा ‘लस किंवा चाचणी’ नियम सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी स्थगित केला; आरोग्यसेवेतील लससक्ती मात्र त्याच दिवशी चालू राहू दिली.

दायित्व : कामामुळे झालेल्या आजाराची भरपाई दोष सिद्ध न करता मिळते व त्या बदल्यात मालकावरचा दिवाणी दावा सामान्यतः वर्ज्य होतो, ही कामगार भरपाई कायद्यांची मूळ देवघेव. असा हक्क आगाऊ सोडून देणारा करार बहुतेक राज्यांत निरर्थक ठरतो. त्यामुळे ‘आजारी पडल्यास मालक जबाबदार नाही’ हे वाक्य सूटपत्रात घुसवणे अनुचित आहे. कायद्याने न गेलेला हक्क गेला, असा कर्मचाऱ्याचा समज त्यातून होतो. मालकाने सक्तीने दिलेल्या लसीचा अपायही सर्वसाधारणपणे याच भरपाईच्या कक्षेत धरला जातो.

लस न घेतलेल्याकडून सहकाऱ्याला संसर्ग झाल्यास व्यक्तिगत दावा सहसा टिकत नाही. भरपाई कायदे अनेक राज्यांत सहकाऱ्यालाही संरक्षण देतात; हेतुपुरस्सर इजा हा अपवाद. शिवाय संसर्ग नेमका कोणाकडून झाला हे सिद्ध करणे कठीण. कामावरून घरी गेलेल्या संसर्गाबाबत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये मालकावर कुटुंबीयांप्रती काळजीचे कर्तव्य नाही असे ठरवले. राज्यपरत्वे कायदे भिन्न असून माँटॅनाने २०२१ मध्ये लसीकरणाच्या स्थितीवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली.